दाराबाहेरचा पहारा

१

नागपूरच्या सदर भागातल्या मिशन शाळेचे हेडमास्तर रेव्हरंड शांतवन मकासरे यांचा महिन्याचा दुसरा शनिवार ठरलेला असे. दुपारी जेवून थोडं पडायचं, उठून पुन्हा एकदा दाढी करायची, काळा कोट झटकायचा, चपट्या चामडी बॅगेत पांढरा एप्रन इस्त्रीची घडी न मोडता ठेवायचा आणि सायकलरिक्षा बोलावून सिव्हिल लाइन्सकडे निघायचं. मे महिन्याच्या नागपुरात काळा कोट घालून बाहेर पडणारा माणूस एक तर वकील असतो, नाही तर वेडा. प्रेमिलाबाई दारातूनच ओरडायच्या, "अहो, ऊन पाहा ना बाहेर! तिथं कोट पाह्यणारं कोण बसलं हाय?"

पाळकसाहेब हसायचे आणि रिक्षात चढायचे. शाळा त्यांची भाकरी होती, चर्च त्यांचं कर्तव्य होतं, पण जीव मात्र फ्रीमेसनांच्या त्या लॉजमध्ये अडकलेला. चर्चच्या कमिटीला हे पसंत नव्हतं. "पाळकानं असल्या गुप्त मंडळीत जावं का?" अशी कुजबुज वर्षानुवर्षं चाले. साहेब म्हणायचे, "अरे बाबांनो, ही गवंड्यांची बिरादरी आहे. गुण्या, कर्कटक, ओळंबा ही आमची हत्यारं. माणसानं सरळ उभं राहावं एवढंच तिथं शिकवतात." भूमितीच्या तासाला फळ्यावर काटकोन काढताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की पोरांनी त्यांचं नावच 'ओळंबा' पाडलं होतं. साहेबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

लॉजचा बंगला इंग्रजांच्या काळचा. आजूबाजूचे लोक त्याला जादूघर म्हणायचे. आत बोकडाची पूजा चालते, नव्या माणसाला पेटीत निजवतात, काय वाट्टेल ते. खरं पाहता आत काय चालायचं? पांढरे एप्रन बांधलेले चार म्हातारे काळ्यापांढऱ्या चौकटींच्या फरशीवर उभे राहून पाठ केलेली वाक्यं म्हणायचे आणि मग शेजारच्या खोलीत बसून कटलेट खायचे. बोकड असलाच तर त्या कटलेटमध्ये.

एक नियम मात्र फार कडक. लॉज उघडलं, म्हणजे बैठक सुरू झाली, की दार आतून बंद. दाराबाहेरच्या छोट्या खोलीत एक पहारेकरी नंगी तलवार घेऊन उभा राहणार. त्याला म्हणायचं टायलर. आतला पहारेकरी दारावर तीन ठोके देणार, बाहेरून टायलर तीन ठोक्यांनी उत्तर देणार, आणि मग खुर्चीवर बसलेले मास्टर, म्हणजे आपले पाळकसाहेब, म्हणणार, "लॉजवर पहारा आहे." त्यानंतर बाहेरून वर्दी आल्याशिवाय ते दार कुणीही उघडायचं नाही. नवा उमेदवार आला तर त्याचा कोट-बूट उतरवून, डोळ्यांवर पट्टी बांधून, त्याला दारापर्यंत आणायचं कामही टायलरचंच.

२

टायलर होता डिक्रूझ. रेल्वेतून रिटायर झालेला गार्ड, अजनीला राहायचा. हात थरथरायचे, त्यामुळे त्याचे ठोके पुढेमागे पडायचे आणि आत सगळे गालातल्या गालात हसायचे. दसऱ्याच्या सुमाराला बिचारा झोपेतच गेला. साहेबांनीच त्याच्यासाठी प्रार्थना केली.

आता त्याच्या जागी बसणार कोण? आत गंमत चाललेली असताना बाहेर एकट्यानं तलवार धरून बसायला कोण तयार होतं! शिवाय इंग्रज गेले, पारशी पुण्या-मुंबईला गेले, पोरंबाळं असल्या गोष्टींना हसू लागली. लॉजमध्ये माणसंच उरली नव्हती. एक जण बाहेर बसला तर आत विधीपुरती माणसं भरायची नाहीत. साहेबांनी तोडगा काढला. बाहेर खुर्ची ठेवायची, तिला तलवार टेकवायची, आतून ठोके द्यायचे, आणि उत्तर आलं असं समजून पुढे जायचं.

दोन-तीन बैठका अशाच झाल्या. आतल्या पहाऱ्यावर धरमपेठेतले वकील मधुकरराव असायचे. ते ठोके द्यायचे, सगळे जरा थांबायचे, कुणीतरी खाकरायचं, आणि साहेब म्हणायचे, "लॉजवर पहारा आहे."

जानेवारीतल्या शनिवारी मधुकररावांनी ठोके दिले आणि बाहेरून उत्तर आलं.

तीन ठोके. स्वच्छ, सारख्या अंतरानं. मधुकररावांचा हात हवेतच राहिला. त्यांनी मान वळवून साहेबांकडे पाहिलं. साहेबांचं तोंड सवयीनं बोलून गेलं, "लॉजवर पहारा आहे." मग काय, विधी सुरूच झाला. मध्ये कुणी थांबायचं कसं?

बैठक संपल्यावर रीतसर दार उघडलं. बाहेर खुर्ची होती, टेकवलेली तलवार होती, आणि भिंतीवर एक पाल होती.

"जुनं सागवान आहे," मधुकरराव म्हणाले. "थंडीनं आकसतं. आवाज घुमला असेल."

"असंच असणार," साहेब म्हणाले. मेलेल्या डिक्रूझचं नाव कुणीच काढलं नाही. काढायचं कारणही नव्हतं, कारण ठोके त्याचे नव्हतेच. त्याचे ठोके साहेबांनी झोपेतसुद्धा ओळखले असते.

३

साहेब भूमितीचे मास्तर. सिद्ध केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पुढच्या बैठकीआधी त्यांनी मधुकररावांना बाजूला घेतलं. "आज दोनच ठोके द्या."

"दोन? विधी मोडेल ना, साहेब."

"मोडू द्या एकदा. आवाज घुमत असेल तर दोनच परत येतील. कळलं?"

विधीची वेळ आली तेव्हा साहेबांचे कान तापले. कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखी त्यांची अवस्था झाली होती. मधुकररावांनी ठोके दिले, दोन. खाली रस्त्यावरून एक टांगा गेला.

आणि बाहेरून तीन ठोके आले. सावकाश, एकेक सुटा. पोरानं पाढा चुकवला की मास्तर न रागावता तो त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतो ना, तसे.

मधुकरराव कडीकडे हात नेत पुटपुटले, "उघडून पाहू का?"

"खबरदार!" साहेब जवळजवळ ओरडलेच. "लॉज उघडलेलं आहे. वर्दी नाही, काही नाही, आणि दार उघडता?"

पण खरं सांगू का, ते रागावले नव्हते. आनंदानं त्यांची छाती भरून आली होती! कुणीतरी होतं. त्याला विधी येत होता, आणि चूक झालेली त्याला खपत नव्हती. आयुष्यभर साहेबांना असा एकही माणूस भेटला नव्हता. पहारा नेमका कुणापासून, कुणासाठी, असले प्रश्न त्यांच्या मनाला शिवलेसुद्धा नाहीत.

घरी न्हाणीघरात ते मोठ्यानं गाणी म्हणू लागले. प्रेमिलाबाईंनी खोदून खोदून विचारल्यावर त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. "देवदूतसुद्धा असेल, प्रेमिला! काय सांगता येतं?"

बाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "देवदूताले दुसरं काम नाही का? तुमचं दार राखत बसते काहून तो?" मग म्हणाल्या, "मले नाही आवडलं हे. जाऊ नका तिथं."

"तुला ते कधी आवडलं होतं?" साहेब म्हणाले आणि पुन्हा गुणगुणू लागले.

४

आता रूबेनचं सांगायला हवं. साहेबांचा एकुलता एक मुलगा. शाळेत पोरं त्याला चिडवायची, "तुझा बाप जादूघरात बोकड नाचवते!" घरी येऊन तो बापाला विचारायचा, आणि बाप म्हणायचा, "मोठा झालास की सांगीन." मोठा झाल्यावर रूबेनला ऐकायचंच नव्हतं. महिन्याच्या एका दुसऱ्या शनिवारी दोघांची जुंपली. "या घरात ते जादूघर राहील, नाही तर मी," रूबेन म्हणाला. साहेबांनी बॅग उचलली आणि रिक्षात बसले. परत आले तेव्हा पोराची खोली रिकामी होती.

कळमेश्वरला कारखान्यात नोकरी लागली, लग्न केलं, सगळं यांना बाहेरून कळलं. कळमेश्वर किती लांब, सांगा! स्कूटरवर तासाभराचाही रस्ता नाही. पण वर्षं गेली, ना हा आला, ना ते गेले. प्रेमिलाबाई नाताळला त्याच्या वाटणीच्या करंज्या डब्यात भरून ठेवायच्या आणि जानेवारीत शेजाऱ्यांना वाटून टाकायच्या.

एप्रिलच्या शेवटी शाळेच्या ऑफिसात ट्रंक कॉल आला.

"बाबा, मी बोलतो."

साहेबांना खुर्ची सापडेना. ते टेबलावरच बसले.

"मला मुलगा झाला, बाबा. मांडीवर घेतला ना, आणि तुमची आठवण आली." तिकडे आवाज जरा अडखळला. "तुमच्या त्या जादूघरात यायचंय मला. लहानपणी नेलं नाही तुम्ही. आता न्या."

लॉजवर त्या वर्षी तलवारच लटकत होती. नवा माणूस घेतला नाही तर सनद परत करा, अशी वरून ताकीद आलेली. पण साहेबांना त्या घटकेला सनद आठवलीही नाही. माझा मुलगा त्या दारातून आत येणार! एवढंच एक वाक्य डोक्यात घुमत होतं. शाळेतून घरी ते चालत आले नाहीत, जवळजवळ धावतच आले.

प्रेमिलाबाई रडल्या, हसल्या, आणि मग कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "आधी घरी आणा त्याले. जेवू द्या. मंग न्या कुठं न्यायचं तिथं."

"तो परस्पर तिथंच येईल. मग दोघं मिळून घरी येतो. तू पुलाव कर." साहेबांचा उत्साह ओसंडून चालला होता. विधी इंग्रजीत चालायचा, पण मुलासाठी त्यांनी तो मराठीत केला. रात्रंदिवस न्हाणीघरात, अंगणात, रिक्षात तीच वाक्यं. डोळ्यांवर बांधायची पट्टीसुद्धा नवी हवी म्हणून बाईंच्या मागे लागले. बाईंनी कुरकुरत का होईना, आपल्या जुन्या मखमली झंपराचं कापड काढून ती शिवून दिली.

५

तो शनिवार उजाडला तोच तापलेला. संध्याकाळी सहालाही बंगल्याच्या भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. आतल्या दालनाच्या खिडक्यांना लाकडी झिलमिल्या, त्या बंद; फटींतून उन्हाच्या पट्ट्या फरशीवर पडलेल्या. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं, त्याचा वास सगळीकडे.

बाहेरच्या खोलीची तयारी साहेबांनी स्वतःच्या हातानं केली होती. खुंटी, घड्याळ-अंगठी ठेवायला तबक, एका पायातली सपात, घडी घातलेली मखमली पट्टी. नियम असा की उमेदवारानं अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही, सदऱ्याची डावी बाजू उघडी, एक पाय अनवाणी. रूबेनला हे समजावून पट्टी बांधायला त्या दिवशी डॉक्टर बाहेर थांबणार होते. लॉजचे जुने सभासद, एरवी क्वचितच यायचे, मोठे गमत्या माणूस.

नेमका ऐन वेळी रामदासपेठेतून त्यांना निरोप आला. पेशंट अत्यवस्थ. डॉक्टर एप्रन सोडतच जिना उतरले. रूबेनचा अजून पत्ता नव्हता.

"मी बाहेर थांबतो," मधुकरराव म्हणाले.

"तुम्ही गेलात तर आत विधीला माणसं पुरत नाहीत."

"मग थोडं थांबू. रूबेन आला की लॉज उघडू."

सरळ होतं ना? कुणीही तसंच केलं असतं. पण साहेबांना ते खटकलं. उमेदवारानं उघड्या, गप्पा चाललेल्या खोलीत बापाला हाक मारत शिरायचं? नाही. त्यानं बंद दारावर यायचं, ठोके द्यायचे, तीस वर्षं प्रत्येक जण आला तसंच. आपल्या मुलाचं काहीही अर्धवट होता कामा नये.

"लॉज उघडू या," ते म्हणाले. "बाहेर टायलर आहे."

नानाजी हसले. ते शाळेचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, उमेदवाराला हात धरून फिरवायचं काम त्यांचं. त्यांना वाटलं साहेबांनी विनोद केला. मधुकरराव हसले नाहीत. त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि तीन ठोके दिले.

उत्तर लगेच आलं. इतकं लगेच, की जणू कुणी हात उचलूनच उभं होतं.

६

फार वेळ गेला नाही. दारावर पुन्हा ठोके पडले, वेगळ्या तालात. तो उमेदवार आल्याचा ताल.

मधुकररावांनी दार वीतभर उघडलं, बाहेर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "आला," ते हळूच म्हणाले. "तयार होऊन आलाय."

दार उघडलं आणि तो आत आला. डोळ्यांवर मखमली पट्टी. सदरा डावीकडे उघडा, पँट एका गुडघ्यावर दुमडलेली, एका पायात सपात. तीच हनुवटी, तसेच खाली उतरलेले खांदे. किती दिवसांनी! साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मास्टरच्या खुर्चीत बसलेल्या माणसानं डोळे पुसायचे नसतात म्हणून ते तसंच गालावरून ओघळू दिलं.

"बाहेर कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," मधुकरराव म्हणाले. "एकटाच उभा होता."

म्हणजे पट्टी त्यानंच बांधली. तबकातलं सामान पाहिलं, समजून घेतलं, कारखान्यातला माणूस, डोकं चालतं त्याचं! साहेबांना केवढं कौतुक वाटलं.

नानाजींनी त्याचा हात धरला आणि फरशीवरून फिरवू लागले. प्रत्येक कोपऱ्याशी प्रश्न विचारायचा, नानाजींनी उत्तर कानात सांगायचं, उमेदवारानं ते मोठ्यानं म्हणायचं, अशी पद्धत. पहिला प्रश्न झाला. नानाजी कानाशी वाकले, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत उत्तर आलं. मराठीत. साहेबांच्याच शब्दांत.

नानाजींनी चमकून पाहिलं. साहेब मात्र खुर्चीत सुखावून बसले होते. प्रेमिलानं पत्रातून कळवलं असणार! न्हाणीघरातलं सगळं तिला पाठ झालंच होतं. मायलेकांनी मिळून बापाला चकित करायचं ठरवलेलं दिसतं.

दुसरं उत्तर. तिसरं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिसऱ्या उत्तरात साहेबांनी त्याच सकाळी, रिक्षात, एक शब्द बदलला होता. तो बदललेला शब्दच आला.

साहेबांचं हसू ओठांवर होतं तिथंच राहिलं. रिक्षात आपण मोठ्यानं बोललो असू, त्यांनी स्वतःला समजावलं. पण मग रूबेनला ते कोण सांगणार? असेल, योगायोग असेल. पोरगं आपलंच आहे, शब्दही तोच सुचला असेल. नानाजी आता उमेदवाराचा हात बोटांच्या टोकांनी धरून चालत होते.

"हात ओला आहे," ते साहेबांजवळून जाताना पुटपुटले. "घाम नव्हे. थंड आहे."

उमेदवाराला साहेबांसमोर गुडघ्यावर बसवलं गेलं. त्यानं बायबलवर हात ठेवला, शपथ घेतली. आता एकच प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर मिळालं की मास्टरनं हातोडा टेबलावर मारायचा, पट्टी सुटायची, आणि तो माणूस त्यांचा झाला.

"अंधारात असलेल्या तुझ्या मनाला आता सगळ्यांत जास्त काय हवं आहे?"

"उजेड," तो म्हणाला, आणि जराशानं, विधीत नसलेलं एक वाक्य म्हणाला. "लवकर द्या."

७

हातोडा उचललेला होता, आणि खाली फाटकाशी स्कूटर थांबली.

साहेबांच्या खुर्चीशेजारच्या झिलमिलीची एक पट्टी तुटलेली होती. त्यांनी मान वळवली. फाटकात, लख्ख पिवळ्या उन्हात, रूबेन स्कूटर स्टँडवर लावत होता. हात पंक्चर काढून काळे झालेले. रुमालानं मान पुसत, वर बंगल्याकडे पाहत, तो लहान पोरासारखा हसला आणि जिन्याकडे पळत सुटला.

साहेबांनी हातोडा हळूच, आवाज न करता खाली ठेवला. लॉज उघडलेलं असताना मास्टरनं खुर्ची सोडायची नसते. ते खुर्चीवरून उतरले. गुडघ्यावर बसलेल्याच्या मागे गेले आणि मखमलीची गाठ सैल केली.

"सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा," ते म्हणाले. शाळेत चालायचा तोच आवाज. सगळ्यांनी केलं.

पट्टी त्यांनी बोटभर उचलली. भुवयांपासून गालापर्यंत सगळं सपाट होतं. नव्या भिंतीला गिलावा करतात तसं, ओलं, हात फिरवून सारखं केलेलं. डोळे अजून व्हायचे होते.

त्यांनी पट्टी पुन्हा होती तशी बसवली. गाठ घट्ट मारली.

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. मग रूबेनचा आवाज, धापा टाकत, "नमस्कार काका. हो, मीच. उशीर झाला हो, टायर बसला होता." समोरच्याचं काहीच ऐकू आलं नाही. "बरं. घड्याळ पण काढू का? काढतो."

साहेब धावले. साठीचा माणूस, एप्रन पायात अडकतोय, फरशीवर घसरतोय, पण धावले. मधुकरराव दाराशी भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचा हात कडीकडे जाताना पाहून साहेबांनी तो झटकला आणि दोन्ही तळवे दारावर दाबले. आत एक बसला होता. रूबेनही डोळे बांधून आत आला तर दोन होतील, आणि हातोडा एकदाच मारायचा असतो, उजेड एकालाच मिळतो.

"रूबेन!"

"बाबा!" केवढा आनंद त्या आवाजात! "आलो बघा! हे काका म्हणतात डोळे बांधायचे—"

"बांधू नको! बांधू देऊ नको त्याला!"

"काहून, बाबा?"

"कुठं उभा आहे तो?"

"माझ्या मागंच. काय झालं?"

"मागे पाहू नकोस. घड्याळ घे, बूट हातात घे, आणि खाली जा. घरी जा."

दारापलीकडून साहेबांना पोराचा श्वास ऐकू येत होता.

"दार तर उघडा," रूबेन म्हणाला. "तोंड तरी पाहू द्या."

साहेबांनी कपाळ दारावर टेकलं. मध्ये दोन बोटं जाडीचं सागवान होतं. "नाही उघडत."

"इतक्या वर्षांनी आलो मी, बाबा."

"माहीत आहे मला."

"पोराचं नाव शांतवन ठेवलंय. तेच सांगायला आलो होतो." आवाज फाटला. "आणि तुम्ही अजून तेच! तुमचं लॉज, तुमचं दार! या दाराच्या आत तुम्हाला मी कधी नकोच होतो ना?"

देवा, हे कसं सांगायचं? काहीही सांगायला गेलं तर तो थांबला असता, ऐकत उभा राहिला असता, आणि त्याच्या मागं ते उभं होतं. साहेबांनी डोळे मिटले. आयुष्यात कुठल्याही पोरावर आवाज चढवला नव्हता, तो सगळा त्यांनी आता चढवला.

"नको आहेस! ऐकू आलं? नको आहेस तू इथं! चालता हो!"

बूट जमिनीवरून उचलल्याचा आवाज झाला. मग जिन्यावर पावलं, भराभर, एकाच माणसाची. साहेब एकेक पाऊल ऐकत राहिले. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली नाही. दुसऱ्यालाही नाही. मग झाली, फाटकातून गेली, सदरच्या रस्त्याला लागली आणि वाहनांच्या आवाजात मिसळली. तो आईकडे जाईल, ते मनात म्हणाले. पुलाव झाला असेल.

दारावर बाहेरून काहीच वाजलं नाही.

साहेब परत फिरले. फरशीवरच्या उन्हाच्या पट्ट्या आता भिंतीवर चढल्या होत्या. नानाजी भिंतीशी तोंड लपवून मुसमुसत होते. साहेब खुर्चीवर जाऊन बसले, कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि हात मांडीवर ठेवले. मास्टरनं लॉज बंद केल्याशिवाय इथून कुणी उठायचं नव्हतं, आणि आत आलेल्यानंही नाही.

समोर तो तसाच बसला होता, मान वर करून, वाट पाहत. बऱ्याच वेळानं बोलला. आवाज रूबेनचा होता, पण आताच्या रूबेनचा नव्हे. शाळेतून रडत घरी यायचा तेव्हाचा.

"बाबा, गुडघे दुखून राहिले माझे. द्या ना उजेड."

साहेबांनी हातोडा उचलून मांडीखाली दाबला आणि त्यावर बसून राहिले.